दाखला नसलेली माणसं

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या काळ्या गुलामांना मोकळं करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांच्याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी जाचातून सोडवताना तोच कित्ता गिरवावा ही इच्छाही आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका माणसाला सातासमुद्रापारच्या त्या लढ्यात आपलं नातं दिसलं. त्या पानावर एकाही पुढाऱ्याचं नाव नाही. अर्पण केलंय ते लोकांना. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा मला पहिल्यांदा तेच पान आठवलं, कारण इथंही आम्हाला पुढाऱ्यांच्या मागची माणसं शोधायची होती.

फुल्यांनी ज्यांच्या सुटकेबद्दल लिहिलं त्यांच्यातलाच एक रॉबर्ट स्मॉल्स. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात तो ‘प्लँटर’ नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. जन्मानं गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना त्यानं बोट सोडली, वाटेत आपली आणि सोबत्यांची बायकामुलं चढवून घेतली, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, आणि प्रत्येक किल्ल्यासमोरून जाताना ठरलेली शिट्टी बरोबर वाजवत तोफांच्या पल्ल्याबाहेर निघून गेला. बोट त्यानं उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढं हाच माणूस अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला, आणि ज्या घराच्या आवारात तो गुलाम म्हणून जन्मला होता ते घर त्यानं विकत घेतलं. आपल्याकडच्या शाळेतल्या मुलांना लिंकन माहीत असतो. स्मॉल्सचं नाव त्यांच्या कानावर पडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. अलाबामातल्या मंटगोमरी शहरात २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या काळ्या शाळकरी मुलीनं बसमधली आपली जागा गोऱ्या बाईला द्यायला नकार दिला. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवलं, बेड्या घातल्या. ज्यांचं नाव जगाला ठाऊक आहे त्या रोझा पार्क्स यांनी त्याच शहरात जागा सोडायला नकार दिला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला. क्लॉडेट गरीब वस्तीतली, वयानं लहान, तोंडानं फटकळ, आणि काही महिन्यांत तिला दिवस गेले. काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतल्या जाणत्या मंडळींना ती पुढं करण्यासारखी वाटली नाही. तरी बसमधला वर्णभेद ज्या खटल्यानं बेकायदा ठरला त्या खटल्यातल्या चार वादी बायकांमध्ये ती होती. १९५६ मध्ये निकाल लागला, बस सर्वांना मोकळी झाली, आणि क्लॉडेट न्यूयॉर्कला जाऊन रुग्णांची शुश्रूषा करत वर्षानुवर्षं राबली. तिच्यावरचा बालगुन्हेगारीचा शेरा सरकारी दप्तरातून पुसला गेला तो २०२१ साली. इतिहास घडवलेल्या मुलीच्या नावावर सहासष्ट वर्षं असा एक सरकारी कागद होता, आणि तो तिला गुन्हेगार म्हणत होता.

हा कागद मला अस्वस्थ करतो, कारण मराठवाड्यातल्या माणसांची चरित्रं गोळा करताना आमची गाठ पावलोपावली अशाच कागदांशी पडली. कुणाचा कागद मुळात झालाच नाही. कुणाचा झाला तो पोलिसांनी केलेला. कुणाचा घरातल्या लाकडी पेटीत पडून राहिला, कारण तो वाचता येणारी पिढी गेली. हलाखीत जगलेल्या, तरी काळाला वळण देणाऱ्या माणसांबद्दल आपण भाषणांत फार बोलतो. त्यांची नोंद करण्याची वेळ आली की मात्र त्यांच्याकडेच पुरावा मागतो. या पुस्तकातली बहुतेक माणसं तो पुरावा देऊ शकली नाहीत, म्हणून मागं राहिली. माझ्या मते ती पराक्रमात कुठंही कमी नव्हती.

चारठाण्यात राहणाऱ्याला हे लवकर कळतं. जिंतूरहून जालन्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव यादवकाळातल्या देवळांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. गावात फिरताना काळ्या दगडातले कोरीव खांब, बारव, अर्धवट उभी देवळं, आणि एक उंच नक्षीदार स्तंभ दिसतो. त्या स्तंभाला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. हे सगळं ज्यांनी छिन्नीनं घडवलं त्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. आणि साधारण त्याच काळात, आजच्या याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला, एका शूद्र घरात जनाबाई जन्मली. लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली, दळण-कांडण, शेणपाणी करत तिनं अभंग रचले आणि अभंगांच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं. तिचं नाव उरलं ते तिनं स्वतः ते ओळीत गुंफलं म्हणून, आणि बायकांनी जात्यावर ते जपलं म्हणून. कुठल्या राजानं तिला ताम्रपट दिला नव्हता. पुस्तकाची सुरुवात आम्ही जनाबाईपासून केली आहे. तिच्याविषयी भरपूर लिहिलं गेलंय हे खरं, पण या जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईनं आपली नोंद आपणच करून ठेवल्याचं इतकं जुनं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुस्तकाचा मोठा भाग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा आहे. ज्या वाचकांना निजामी राज्य ऐकूनही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची वस्ती १९४१ च्या गणतीनुसार एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचं माध्यमही उर्दू. जिल्ह्याचा कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार, पोलिसांचा अधिकारी म्हणजे अमीन. बाजारात चालायचा तो हाली रुपया, इंग्रजांच्या कलदाराहून वेगळा. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, तिथं मालावर जकात द्यायची. कागदावर साल असायचं ते फसली, म्हणजे १३५७ फसली हे आपलं १९४७-४८. गश्ती निशान ५३ नावाच्या फर्मानानं सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची, आणि ती बहुधा मिळायची नाही. वाचनालय काढणं, व्यायामशाळा काढणं, गणेशोत्सवात व्याख्यान ठेवणं, या साध्या गोष्टीही धाडसाच्या होत्या.

अशा राज्यात १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, त्याच सुमारास आर्य समाजाचाही. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. त्यांच्यापुढं माफीनामा ठेवण्यात आला. ज्यांनी सही केली नाही ते शेकड्यांनी बाहेर काढले गेले. नागपूर विद्यापीठानं त्यांना दारं उघडली, आणि त्यांच्यात पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. आपण नेमकं तेवढं लक्षात ठेवतो. ज्या शेतकरी बापानं जमीन गहाण ठेवून मुलाला शिकायला धाडलं होतं, आणि ज्या मुलाला नागपूरपर्यंत जाण्याचा खर्च परवडणारा नव्हता, त्यानं सही केली नाही तेव्हा त्याचं शिक्षण तिथंच संपलं. मला ही मुलं फार मोठी वाटतात. त्यांच्यापुढं एका सहीचा सोपा रस्ता होता, आणि हरवत होतं ते अख्ख्या घराचं भविष्य.

१९४७ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा देशभर तिरंगा फडकला, पण निजाम भारतात सामील झाला नाही आणि आमच्याकडं तो लावणं गुन्हा ठरला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवसांत अटक झाली. पुढचं वर्षभर जे चाललं त्यातली दृश्यं पुढाऱ्यांची नाहीत. गावोगाव लोकांनी शिंदीची झाडं तोडली, कारण त्यावर सरकारचं अबकारी उत्पन्न चालायचं. पाटील-कुळकर्ण्यांनी राजीनामे दिले, दप्तरं जाळली. पोरांनी शाळा सोडल्या, वकिलांनी कोर्ट सोडलं. सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात वाशीम, पुसद, उमरखेड अशा ठिकाणी कॅम्प उभे राहिले. तिथून तरुण रात्री उतरायचे, करोडगिरी नाके आणि पोलीस ठाणी लुटून पहाटेच्या आत परत जायचे. जिंतूर तालुका तर वऱ्हाडाच्या उशालाच. इकडच्या डोंगराळ वाटा गुराख्यांना पाठ होत्या, आणि वाटाड्या म्हणून पुढं चालणारा बहुतेक वेळा तोच असायचा. हत्यार ज्याच्या हातात त्याचं नाव पुढं कधीतरी कुठंतरी आलं. कंदील न लावता डोंगर ओलांडून देणाऱ्याचं आलं नाही.

या काळातली एक घटना मला नेहमी थांबवते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली बँक कॅम्पवाल्यांनी लुटली. वीस लाखांवर रक्कम हाती आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. रानावनात, उपाशीपोटी, अंगावर धड कपडा नसलेल्या पोरांच्या हातात एवढा पैसा होता, आणि त्यांनी तो चळवळीच्या कामाला लावला, त्याचा हिशेब ठेवला. कागद जपायचा असतो हे या माणसांना कळत होतं. फरक एवढाच की संघटनेचा हिशेब कागदावर आला आणि माणसांचा आला नाही.

कागदाचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला तो पंचवीस वर्षांनी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ साली केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. हेतू चांगला होता, आणि कित्येक घरांत त्या पैशानं चूल पेटली. पण अर्जाची अट अशी: निदान सहा महिने तुरुंगवास झालेला असावा, बायका आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. तुरुंगाचा दाखला नसेल तर सोबत शिक्षा भोगलेल्या कैद्यांची प्रमाणपत्रं आणावीत. भूमिगत असाल तर आपल्याला फरारी घोषित केल्याचा, पकडून देण्यासाठी बक्षीस लावल्याचा, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा कागद दाखवावा.

आता एखाद्या गावातली म्हातारी डोळ्यांपुढं आणा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात ती रोज पहाटे जास्तीच्या भाकरी थापायची. गोवऱ्यांच्या पाटीत तळाशी भाकरी, कधी चिठ्ठी, कधी काडतुसं ठेवून रानात जायची. वाटेत रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, भेटले तर गोवऱ्या वेचायला आले म्हणायची. तिला कुणी फरारी घोषित करणार? तिच्या डोक्यावर कोण बक्षीस लावणार? पकडली गेली नाही हेच तिचं कसब, आणि पकडली गेली नाही म्हणूनच ती यादीत नाही. जो सापडला त्याला तुरुंगाच्या दाखल्यावर सन्मानपत्र मिळालं. जी कधी सापडली नाही, जिच्यामुळं दहाजण सापडले नाहीत, तिच्याजवळ दाखवायला काहीच उरलं नाही. दाखला काढायचा तर हर्सूल, गुलबर्गा, निजामाबाद अशा तुरुंगांच्या उर्दू नोंदी धुंडाळाव्या लागत. आणि गुलबर्गा कर्नाटकात गेलेलं, निजामाबाद तेव्हाच्या आंध्रात. अक्षरओळख नसलेल्या माणसानं ही पायपीट कशी करावी? पुष्कळांनी अर्जच केला नाही. देशासाठी केलं त्याचे पैसे कसले मागायचे, असंही काहींना मनापासून वाटलं, आणि त्यांचं नाव त्यांच्या या भिडेपायीच पुसलं गेलं.

बायकांपैकी दगडाबाई शेळके यांचं नाव टिकलं. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या या बाई घोड्यावर बसत, बंदूक चालवत, वेश बदलून कॅम्पवाल्यांना माहिती पोचवत. आपण घरात राहू शकत नाही म्हणून नवऱ्याचं दुसरं लग्न त्यांनीच लावून दिलं, असं सांगतात. त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणतात. गौरवानं म्हणतात यात शंका नाही, पण मला ही पदवी पुरेशी वाटत नाही. राणीपाशी किल्ला होता, फौज होती, खजिना होता. दगडाबाई साध्या कुणब्याच्या घरातल्या. नवरा दुसऱ्या बाईच्या हाती सोपवून ज्या बाईनं रानाची वाट धरली तिनं काय मोजलं हे राणीच्या तुलनेत हरवून जातं. म्हणून त्यांच्या प्रकरणात आम्ही लढायांपेक्षा घर सोडण्याच्या त्या निर्णयावर अधिक थांबलो आहोत. वाचकांना ते आवडेल की नाही ठाऊक नाही, मला मात्र त्यांच्या आयुष्याचा कणा तिथं दिसतो.

हुतात्म्यांची नावं त्यामानानं ठाऊक असतात, निदान स्मारकाच्या पाटीवर असतात. उमरग्याजवळच्या गुंजोटीचा वेदप्रकाश १९३८ मध्ये मारला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या अर्जापूरला २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे पडले. वापटीचे बहिर्जी शिंदे यांचं नाव वसमतच्या महाविद्यालयाला आहे, आणि रोज शेकडो मुलं ते उच्चारतात. हैदराबादेत ‘इमरोज’ दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं, लिहिता हात तोडला. या लढ्याला हिंदू-मुसलमानांचं भांडण म्हणणाऱ्यांनी शोएबुल्लांचं प्रकरण आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. आणि आमच्या गावाचं नाव आडनावात घेऊन वावरलेले स्वातंत्र्यसैनिक विनायकराव चारठाणकर. सेलूत त्यांच्या नावानं प्रतिष्ठान उभं आहे, परिसरातली जुनी माणसं त्यांचं नाव अजून आदरानं घेतात. पण चारठाण्यातल्या नव्या पोरांना आडनावातलं गाव आपलं हे सांगावं लागतं. हे चित्र बदललं तर पुस्तकाचं निम्मं काम झालं असं मी धरीन.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली. १७ सप्टेंबर आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि पाळावाच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं हे लिहिल्याशिवाय या पुस्तकाला प्रामाणिक म्हणता येणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांनी अत्याचार केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या शेवटी गावोगाव फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, आणि सावध अंदाजानंही मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा असं त्यांनी नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. त्या दिवसांत ज्यांनी शेजाऱ्याला बळदात लपवलं, दारात आलेल्या जमावाला खोटं सांगून परत धाडलं, त्यांची नावं कुठल्या यादीत येणार? आधी रझाकारांपासून लपवलं त्याचं कौतुक होतं, नंतर जमावापासून लपवलं त्याची आठवणही अवघडते. आमच्या दृष्टीनं दोन्ही वेळचं धैर्य एकच आहे, आणि पुस्तकात ते एकाच विभागात ठेवलंय.

काहीजण म्हणतील, पुस्तक इथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण इतिहास घडवण्याचा मक्ता एका पिढीकडं नसतो. १९७२ चा दुष्काळ आठवा. विहिरी आटल्या, जनावरं खाटकाच्या दारात गेली, आणि अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी आपण खाल्ली. तिच्या भाकरीची चव आठवून आजही म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. उन्हात पाठ भाजून घेत खडी फोडायची, कडेवरचं पोर बाभळीच्या झोळीत टाकायचं, दुपारी सुकडी खायची, आठवड्यानं मस्टरवर अंगठा उमटवून मजुरी घ्यायची. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवावर तावून सुलाखून निघाली, १९७७ मध्ये राज्यानं तिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये तोच विचार देशाचा कायदा झाला. पागे यांचं श्रेय मोठं आहे. पण मागेल त्याला काम देता येतं, दिलं तर माणसं ते नेकीनं करतात, हे ज्यांनी हातोडीनं सिद्ध करून दाखवलं त्या बायकांच्या अंगठ्यांखाली त्यांची नावंसुद्धा धड लिहिलेली नसत. कागद होता, पण त्यावर माणूस नव्हता. त्यांच्यापैकी ज्या भेटल्या त्यांचं बोलणं आम्ही त्यांच्याच भाषेत ठेवलंय, परभणीकडच्या हेलासकट.

आणि १९७८. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं तेव्हा या भागातल्या दलित पोरांना कॉलेजचं दार पहिल्यांदा सरसकट उघडलं. बाबासाहेबांनाही अमेरिकेतला लढा जवळचा वाटत होता. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजानं संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. फुल्यांनी अर्पणपत्रिकेत जोडलेलं नातं पाऊणशे वर्षांनी असं पत्रापर्यंत आलं. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये जमावानं ठार मारलं. मातंग समाजातला हा साधा माणूस, विद्यापीठाच्या पायरीवर कधी पाऊल न ठेवलेला. पुढं सोळा वर्षं नामांतराचं आंदोलन चाललं. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ राखून विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं.

हे प्रकरण लिहिताना हात जड होतो, कारण मुक्तिसंग्रामातल्या काही थोर नेत्यांनी नामांतराला विरोध केला होता. ज्यांच्या त्यागापुढं आपण वाकतो त्यांच्याशी इथं मतभेद सांगावा लागतो. मी तो सांगितला आहे. निजामाविरुद्ध तुरुंगात गेलेला माणूस आणि टेंभुर्णीचा पोचिराम, दोघंही या पुस्तकात आहेत, दोघांच्या प्रकरणांची लांबी सारखी आहे, आणि एकाच्या मोठेपणासाठी दुसऱ्याचं लहान करण्याची मला गरज वाटली नाही.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. दाखला नसलेल्या माणसाचं चरित्र लिहायचं तर ऐकीव गोष्टींवर विसंबावं लागतं, आणि ऐकीव गोष्ट फुगते. म्हणून प्रत्येक प्रसंगाला एकमेकांशी नातं नसलेले दोन सांगणारे मिळाले तरच तो घेतला. नातवंडांनी आजोबांबद्दल सांगितलेलं एकटं पुरेसं धरलं नाही. रझाकारांची संख्या, मारलेल्या शत्रूंचा आकडा, घोड्यावरून घेतलेल्या उड्या, असा मजकूर बहुतेक ठिकाणी गाळला. काही घरांतून त्याबद्दल नाराजी झाली आणि ती मी समजू शकतो. पण आपल्या माणसाला मोठं करण्यासाठी घातलेली एक खोटी ओळ पुढं त्याची सगळी खरी गोष्ट संशयात टाकते. ज्यांचं आडनाव कुणालाच आठवत नाही त्यांचं नुसतं नाव दिलंय, आणि ज्यांना गाव फक्त कामावरून ओळखायचं त्यांना तसंच ठेवलंय. नंतरच्या काळात शोभेल अशी आडनावं त्यांना चिकटवली नाहीत. जाती लपवल्या नाहीत, कारण कुणाला काय सोसावं लागलं हे त्यावाचून कळत नाही.

शाळेत हे पुस्तक वाचून घेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. सतरा सप्टेंबरच्या भाषणासाठी यातले उतारे काढू नका. त्याऐवजी पोरांना आपापल्या घरात, आळीत, वाड्यात विचारायला लावा: सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला आपल्या घरात कोण होतं, काय करत होतं, कुणाला भाकरी दिली, कुणाला लपवलं, बहात्तरला कुठल्या कामावर होतं. त्या पिढीतलं आता फार कुणी उरलं नाही, पण त्यांच्या सुना आणि लेकी आहेत. त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं तरी चालेल, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव तेवढं वहीत लिहून घ्या.

आणि ज्यांच्या घरात माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्यामागं फसली सालाचे उर्दू किंवा मोडी कागद पडलेत, त्यांनी घर पाडून नवं बांधायच्या आधी ते एकदा वाचून घ्यावेत. उर्दू शाळेतले मास्तर जिंतुरात आहेत, सेलूत आहेत, परभणीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसंही मिळतात. त्यात जमिनीचा खटला निघेल, सावकाराची पावती निघेल. कधी माफीनाम्याचा कोरा कागद निघेल, खाली सही नसलेला. तसा निघाला तर तो आमच्यापर्यंत पोचवा, पुढच्या आवृत्तीत त्याला जागा राखून ठेवली आहे.